भुयार चुलत्यांच्या वाटणीला
घराण्याचं मोठेपण त्याची मुळं जमिनीत किती खोल गेली आहेत यावर ठरतं. आमचं मात्र वाटणीत चुलत्यांकडे गेलं. परवा उमरग्याच्या आडतीत भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास आला आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. जळकोटजवळच्या आमच्या गावात चुलते गोठ्याचा पाया खणत होते. पहारीखाली दगडी झाकण लागलं आणि ते सरकवल्यावर खाली काळंभोर, गोल तोंड दिसलं. तासाभरात ते थेट नळदुर्गच्या किल्ल्यापर्यंत जाणारं भुयार ठरलं आणि चुलत्यांनी फेटा बांधला. सगळं गाव त्यांच्या अंगणात जमलं. आमच्या अंगणात फक्त गावाच्या चपला होत्या. "वाटणीत ती बाजू तुमीच सोडली न्हवं?" आईनं वडिलांना विचारलं. "नळ हिकडं होता," वडील म्हणाले. "मग आता नळाला फेटा बांधा!" मी भिंतीवरून बघत होतो, तर चुलत भाऊ ओरडला, "ये की, लाजतो कशाला? तुज्याबी आज्याचं हाय!" त्याच्या त्या मोठ्या मनानं मी जास्तच जळलो आणि आत सोनं निघू नये म्हणून तुळजापूरच्या देवीला नारळ बोललो. संध्याकाळी दोरीनं सोडलेली बादली वर आली ती कुजलेल्या ज्वारीनं भरून. ते धान्य साठवायचं जुनं पेव होतं. देवीनं ऐकलं, गावानं नाही. कुरियरवाल्याला मी आजही 'भुयारवाल्यांच्या शेजारी' असाच पत्ता सांगतो. भुयारात हल्ली त्यांच्या संडासाची टाकी आहे.