कोसिना की कोसिने

माझी थोरली मावशी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करते. गिऱ्हाइकांना ती दिसत नाही, फक्त मशीनचा आवाज ऐकू येतो. मालक तिला 'मागची' म्हणतो. "मागचीला विचारून सांगतो, शनिवारपर्यंत होईल का ते." तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, आणि मी ते मालकाला तोंडावर सांगितलंही आहे. तो हसला. निर्लज्ज माणूस.

मावशीला एकुलता एक मुलगा. शिकायला म्हणून परदेशी गेला, तिथेच नोकरी, तिथेच बायको. सून स्पॅनिश बोलते, नवऱ्याशी त्यातच भांडते आणि मावशीकडे बघून नुसती हसते. नातू झाला, तेव्हा मुलाने फोनवर सांगितलं, "आई, आता इकडेच ये. कायमची. पण थोडं स्पॅनिश शिकून घे. घरात मुक्यासारखं कोणी बसलेलं हिला चालायचं नाही." एवढ्या बोलण्यातलं मावशीने 'कायमची' तेवढं ऐकलं. वाक्याचं दुसरं टोक तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

लगेच तिने शिकवणी लावली आणि सोबत म्हणून मलाही ओढलं. शिकवणारे गाइडमास्तर. गुडघे जायच्या आधी परदेशी पाहुण्यांना गावभर हिंडवत. आता आम्हाला बसल्या जागी झापत. मावशीवर त्यांचा विशेष लोभ. "तोंडातल्या टाचण्या काढा आणि मग बोला, मावशी," असं ते रोज म्हणत, आणि वर्ग रोज हसे. त्याच विनोदावर रोज हसणाऱ्या माणसांचं मला नवल वाटतं.

एक दिवस मास्तरांनी क्रियापदाचं नवं रूप काढलं. "आतापर्यंत जे घडतं ते शिकलो. आता जे घडावं ते. कोसिनार म्हणजे स्वयंपाक करणे. ती स्वयंपाक करते, तर कोसिना. तिने करावा, तर कोसिने. शेवटच्या 'आ'चा 'ए' करायचा. आणि कोमेर, म्हणजे खाणे, त्याचं उलट. कोमेचं कोमा."

"कॉलर उलटवायची," मावशी हळूच म्हणाली. झिजलेली कॉलर उसवून उलटी शिवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही, त्यामुळे हे तिला झटक्यात जमलं. अडलं ते अर्थाशी. हे रूप वापरायचं कधी, असं तिने विचारलं. मास्तरांना चहाची घाई होती. "आपलं 'सुखी होवो, घरी येवो' असतं ना, तसंच समजा," म्हणाले आणि उठले.

झालं. मावशीच्या लेखी ते आशीर्वादाचं रूप ठरलं. मग ती ज्याच्या त्याच्यावर 'ए'ची खैरात करू लागली. "माझा मुलगा तिकडे त्राबाखे," ती वर्गात म्हणाली. "अहो, काम करतो की करो?" मास्तर ओरडले. "दोन्ही," मावशी म्हणाली. मलासुद्धा हसू आलं.

पुढच्या रविवारी दुपारी मुलाचा फोन आला. पडद्यावर तो, मागे बाळाला थोपटत सून. सून पडद्याकडे न बघता नवऱ्याला काहीतरी चढ्या आवाजात म्हणाली. शब्द मलाही कळले. "नेसेसितामोस उना मुहेर के कोसिने, के लिंपिए, के कुइदे आल निन्यो." आम्हाला बाई हवी, स्वयंपाक करणारी, साफसफाई करणारी, बाळाला सांभाळणारी.

"काय म्हणते रे?" मावशीने विचारलं.

"म्हणते, आम्हाला तू हवी आहेस," मुलगा म्हणाला. बोलताना कार्टं आपल्याच शर्टाची बटणं चाचपत होतं.

मावशी हरखून गेली. कामाचं तिला काहीच नव्हतं, ती ते आपणहून करणार होतीच. तिचं सगळं लक्ष शेवटच्या अक्षरांवर. कोसिने, लिंपिए, कुइदे! सुनेने एका दमात तीन आशीर्वाद दिले होते. हे तिने मंगळवारी वर्गात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. मी तिचा पदर ओढत होते, पण ती ऐकते कसली.

मास्तरांना हसता हसता ठसका लागला. "आशीर्वाद? अहो मावशी, जाहिरात आहे ती! ठरलेली, ओळखीची बाई असती तर सून कोसिना म्हणाली असती. जिचा अजून पत्ताच नाही, जी कोणीही असली तरी चालेल, तिच्यासाठी कोसिने. ती तुमच्याविषयी बोलतच नव्हती."

वर्ग खो खो हसला. मला मास्तरांचा गळा धरावासा वाटला. मी उठणार, तेवढ्यात मावशीने माझं मनगट दाबलं. तेवढ्यानेही मास्तरांचं पोट भरलं नव्हतं. "उभ्याच आहात, तर चालवून दाखवा क्रियापद."

मावशीने चालवलं. "यो कोसिने. तू कोसिनेस. एया कोसिने." ती अडखळली. "मास्तर, 'मी' आणि 'ती' एकच?"

"एकच. या रूपात फरक राहत नाही."

तिने मान हलवली आणि उरलेली रूपं न चुकता म्हणून ती खाली बसली. मास्तर शाबास म्हणाले नाहीत.

वर्ग संपल्यावर जिन्यात माझा संयम सुटला. "जाऊ नकोस तू! त्याला सांग, तुझ्या बायकोला मोलकरीण हवी तर पगार देऊन ठेव म्हणावं. आईशी खोटं बोलतो, लाज नाही वाटत?"

"खोटं कुठे बोलला? हवीच आहे त्यांना बाई."

"अगं, तू नकोयस! त्यांना कोणीही चालणार आहे!"

"तेच म्हणते मी," कठड्याला धरून एकेक पायरी उतरत मावशी म्हणाली. "कोणीही चालणार असेल, तर मी आलेलीही चालेल." मग थांबून तिने वर माझ्याकडे बघितलं. "चालेल ना गं?"