अप्पांची बंदूक आणि माझं सामान

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले आणि त्यांची ठासणीची बंदूक माझ्या नावावर झाली. दोन्ही गोष्टींची माझी तयारी नव्हती.

मंठाळच्या अलीकडं, सीमाभागात, आमचं लहानसं गाव. गावात बंदूक एकच, आमची. शिवारातली रानडुकरं हाकलायला परवाना मिळालेली. दसऱ्याला बांधावर नारळ ठेवतात आणि सूर्य मावळायच्या आत तो गोळीनं फोडतात. पहिला बार आमच्या घराचा. तो चुकला तर तीच बंदूक भावकीच्या हाती जाते, आणि ज्याच्या बारानं नारळ फुटेल, पहिल्या बाराचा मान पुढं त्या घराचा. अप्पांनी तो कधी जाऊ दिला नाही. बंदुकीचा दस्ता तारेनं बांधलेला, नळीखाली खोचलेला, दारू-गोळी ठासायचा गज वाकडा. पण नारळ फुटायचा.

यंदा आई म्हणाली, "वरीस झालं न्हाई, सण कशाचा. पण मान जाऊ देऊ नको बाबा. तेवढंच त्यांचं राहिलंय."

मी कलबुर्गीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. नेमबाजी मला वाचूनच ठाऊक, आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात काहीतरी विकत घ्यायला सांगितलं होतं. मी पिवळ्या काचांचा चष्मा घेतला, दारू मोजायचं पितळी माप घेतलं, कानांवर लावायची जाड झाकणं घेतली. नवा सरळ गजही घेतला. (जुना आईनं कारल्याच्या वेलाला टेकू म्हणून दिला.) सराव तेवढा राहून गेला.

दसऱ्याला माझी पिशवी बघून अण्णा, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "दवाखाना काढायलास का नारळ फोडायलास?" त्यांचा नेम पक्का; मान आमच्याकडून सुटला तर त्यांच्याच घरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी दारू मोजली. परत मोजली. चिंधीत गोळी गुंडाळून गजानं ठासली. दारू पेटवणारी टोपी चापाच्या घोड्याखाली बसवली, चष्मा लावला आणि कान झाकले. जग एकदम शांत झालं. अप्पा गेल्यापासून एवढं शांत मला वाटलं नव्हतं.

नेम धरला. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो तर सगळा गाव उभा राहून हात हलवत होता. आमच्याशी बोलणं टाकलेली माणसंही त्यात होती. अण्णांनी तर दोन्ही हात वर केले होते. लोकांची अप्पांवर केवढी ही माया! मी सगळ्यांना नमस्कार म्हणून थोडं वाकलो आणि चाप ओढला.

(ते सगळे मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत एकच सांगत होते, हे मला नंतर कळलं: नळीतला गज काढ!)

खांद्याला दणका बसला. धूर विरला तेव्हा नारळ जागेवर होता. गज मात्र बांधावरून पल्याडच्या उभ्या तुरीत गेला होता.

"आण इकडं," म्हणत अण्णांनी बंदूक घेतली. नळीत दारू ओतली, सवयीनं नळीखाली हात घातला, आणि हात तिथंच थांबला. ठासायचं कशानं?

मग सगळी भावकी पुरुषभर उंचीच्या तुरीत शिरली. मला वरून फक्त शेंडे हलताना दिसत होते आणि आतून माझ्या शिक्षणाविषयी बोलणं ऐकू येत होतं. गज सापडायच्या आणि कारल्याखालचा जुना कुणाला आठवायच्या आधी सूर्य मावळला. शेवटी अण्णांनाच बोलावं लागलं, "नारळ फुटलाच न्हाई तर मान हलतो कुठं? राहू दे तेच्याच घरी."

आई उंबऱ्यात बसून होती. "बार ऐकला मी. फुटला व्हय?"

"न्हाई."

"मग गेला की मान."

"न्हाई," म्हटलं, आणि घडलं ते सगळं सांगितलं.

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले तसा मी घाबरलो. पण ती हसत होती, अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच. डोळे पुसत तिनं विचारलं, "आता पुढल्या दसऱ्याला काय हरवणार हायस?"

अजून ठरवलेलं नाही. नेम सोडून बाकी सगळं सामान माझ्याकडं आहे.