बायजाची मोकळी तार

कडावच्या बायजाची डाव्या हाताची अनामिका भाताच्या कापणीत गेली. मुठीत रोपं, दुसऱ्या हातात विळा, नजर जराशी ढळली, बस्स. करंगळीही आखडली ती कायमची. वर्ष उलटायच्या आत नवऱ्याने, आबाजीने, दुसरी बायको आणली. वर गावभर सांगत सुटला, "थोटीच्या हातानं काय घर चालणार हाय?" स्वतः दोन्ही हात धड असून हा बाबा इकडची काडी तिकडे करत नसे.

बायजा माथेरानला गेली आणि लोबोबाईंच्या बंगल्यात कामाला राहिली. लोबोबाई मुंबईत मुलींना गिटार शिकवायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत उन्हाळाभर वर येऊन राहत. संध्याकाळी त्या वाजवू लागल्या की कंदिलाच्या काचा पुसता पुसता बायजा त्यांची बोटं बघे. एक कॉर्ड, एकदम छेडलेल्या स्वरांचा एक मेळ, तिच्या मनात घर करून बसली होती. तीन बोटं तीन तारांवर दाबली की ती उठायची आणि बायजाला वाटायचं, हे माझंच रडणं कुणीतरी वाजवतंय.

दुपारी बाई झोपल्या की ती चोरून गिटार घ्यायची. पण कामाची बोटं होती दोन. तिसरी तार मोकळीच वाजायची आणि रडणं भलतीकडे जायचं. जन्मात एक गोष्ट तरी पुरी जमावी एवढीच तिची हौस, तीही अर्धी.

एके दुपारी बाई दारात उभ्या दिसल्या.

"चुकलं बाई. तसंबी नीट वाजत नाय. बोट नाय ना."

लोबोबाई शेजारी बसल्या. बायजाच्या दोन बोटांना लागून त्यांनी स्वतःचं बोट तिसऱ्या तारेवर टेकवलं. "छेड. ही मायनर कॉर्ड. हिच्यात तीन स्वर." बायजाचं रडणं जसंच्या तसं उठलं. मग बोट उचललं. "आता छेड. मोकळ्या तारेने चौथा स्वर आत आणला बघ. ही मायनर सेव्हन्थ. चूक नाही गं, वेगळी कॉर्ड आहे, पुरी. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना तर हे बोट उचला म्हणून ओरडावं लागतं."

बायजाने पुन्हा छेडली. दुःख तेच, पण त्याची पकड सैल झालेली. तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

"पुढच्या उन्हाळ्यात दुसरी शिकवते," म्हणून बाई गिटार ठेवून गेल्या. तो उन्हाळा आला, बाई आल्या नाहीत. वारल्याचा निरोप आला. बंगला बंद झाला, राखणीला बायजा राहिली.

संध्याकाळी ती पायरीवर बसून वाजवते. मायनर सेव्हन्थ तिला एकटीला येते, पुरी. मायनर मात्र त्या दुपारनंतर तिच्या हातून पुन्हा कधी वाजली नाही. त्या कॉर्डला दुसऱ्या माणसाचं बोट लागतं.