चुन्याच्या रेषेवर

उकडलेल्या हळदीचा वास जड असतो. तो श्वासात शिरत नाही, बसतो. हिंगोलीच्या त्या मैदानाला लागूनच शेतकऱ्यांनी कढईतून काढलेली ओली हळकुंडं वाळत घातली होती, आणि आमच्या महाविद्यालयाची हॉकीची मॅच त्या वासातच सुरू झाली.

वाऱ्यानं भुकटी उडते म्हणून शिपाईमामांनी त्या दिवशी चुना पाण्यात कालवून रेषा ओढल्या होत्या. मी बचावाला होते. माझ्यामागे गोलात आमची कर्णधार, हट्टा गावच्या मेंढपाळाची मुलगी, मुलांचे क्रिकेटचे पॅड बांधून उभी. रेषेपलीकडे तिचे वडील घोंगडीवर बसलेले. सकाळी आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी तिला सांगितलं होतं, "जितली तर जाय नांदेडला खेळायला. हरली तर पुस्तकं बांधायची अन् माझ्यासंगं गावाला."

"व्हय," एवढंच म्हणून ती पॅडचे पट्टे आवळू लागली होती.

"बुजगावणं चांगलं उभं केलंय गं," समोरच्या संघाची आघाडीची खेळाडू मला म्हणाली.

"पाखरं भेतात त्याला," कर्णधार मागून उत्तरली. "ये की जवळ."

ती जवळ आली, पुन्हा पुन्हा आली. एक गोल त्यांचा, एक आमचा. काठीवर काठी आपटण्याचा कोरडा आवाज दातांत उतरत होता. अगदी शेवटी चेंडू उसळून वाळवणात गेला आणि परत आला तो पिवळा, ओला, वाफेचा वास घेऊन.

त्याच चेंडूवर त्यांनी चढाई केली. कर्णधार पुढे झेपावली, पडली. चेंडू तिला चुकवून निघाला. गोलरेषेवर मी एकटी. काहीतरी आदळलं आणि चेंडू बाहेर गेला.

"सर, पायाला लागला," त्यांची आघाडीची ओरडली.

"न्हाई सर, काठीला. डोळे तपासा तिचे," आमच्यातली एक म्हणाली.

पायानं गोल अडवला तर पेनल्टी स्ट्रोक: एक चेंडू, आणि समोर फक्त गोलरक्षक. पंचांना गर्दीत दिसलं नव्हतं. ते माझ्याकडे आले. "तूच सांग पोरी. कशाला लागला?"

मी खाली पाहिलं. रेषेवरच्या ओल्या चुन्यानं माखलेला माझा कॅनव्हासचा बूट, आणि त्याच्या टोकावर लाल चंद्रकोर. चुन्याला हळद भेटली की काय होतं, हे आमच्याकडे लेकरालाही सांगावं लागत नाही. पायाखाली माती होती. नुसतं टोक घासलं असतं तरी पुरलं असतं. पुढ्यात कर्णधार उठत होती, पॅडची बकलं वाजत होती. पलीकडे तिचे वडील उभे राहिले होते.

मी बुटाचं टोक पंचांकडे वळवलं.

स्ट्रोकला ती योग्य बाजूला झेपावली. चेंडू तिच्या हातमोज्याला घासून मागच्या फळीवर वाजला. मग शेवटची शिट्टी.

नळावर मी कितीतरी वेळ बूट धूत होते. दूर तिचे वडील घोंगडीची घडी घालत होते. ती आली. नडगीवर पट्ट्यांचे वळ, तळहात सोललेला. तिनं माझ्या हातातून बूट घेतला आणि अंगठ्यानं डाग चोळला. लाल फिकटलं, गेलं नाही. तिनं बूट हौदाच्या कडेवर आपटून पाणी झटकलं, खाली वाकून माझ्या पावलापुढे सरळ ठेवला.

"घाल."