मामंजींची उसण आणि माझी लाथ

मी माझ्या सासऱ्यांना लाथ मारली, तेव्हा माझ्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं.

थांबा, लगेच पदर तोंडाला लावू नका! लाथ माझ्या सासूबाईंनीच मारायला लावली, आणि तीही पायांना हळदकुंकू लावून. कारण मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं मागं आणि पाय पुढं करून आलेली. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, असं आमच्याकडं तेव्हा घरोघरी चालायचं. माहेरी मोडनिंबात माझी आजी कुणाचीही पाठ धरली की अंगणात उभी राहून हाक मारायची, "पायाळू पोर कुटं हाय गं?" की मी हातातल्या चिंचा टाकून धावायचे. अर्ध्या गावाला मी लाथा मारल्यात. पण ते गाव होतं. सासऱ्यांना लाथ मारायची म्हणजे काय खेळ आहे?

त्यात आमचे मामंजी म्हणजे सोलापूरच्या गिरणीतले जॉबर, कामगारांवरचे मुकादम. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळं घरात पाणी मागितलं तरी ते शेजारच्या तीन घरांतून यायचं! माझ्याशी मात्र ते एक अक्षर बोलत नसत. सुनेशी सासऱ्यानं बोलायची रीतच नव्हती. काही सांगायचं झालं तर खांबाकडं बघून सांगायचे, "कुणीतरी चहा ठेवा म्हणावं."

माझी नणंद गंगू, तिचं लग्न अगदी तोंडावर आलेलं. एवढी एकच लेक. मामंजी महिनाभर सगळ्यांना सांगत होते, "कन्यादान मी असं करीन की लोक बघत राहतील!" त्या सकाळी पाण्याचा तांब्याचा बंब हलवायचा होता. दोन गडी आले होते. मामंजी म्हणाले, "बाजूला व्हा रे! तुमी काय उचलणार?" आणि एकट्यानं उचलून परसात नेऊन ठेवला. आम्ही सगळे तोंडात बोटं घालून बघत राहिलो. मग ते परत आले, मिशीवर हात फिरवला, खाली पडलेली एक सुपारी उचलायला वाकले...

आणि तिथंच राहिले!

"अहो, उठा की," सासूबाई म्हणाल्या.

"उठतोय."

"कवा?"

"आगं, उठता येत न्हाय!"

शेक झाला, तेल झालं, एरंडाची पानं झाली. मामंजी कोयत्यासारखे वाकलेले ते वाकलेलेच. पाटावर बसता येईना की सरळ उभं राहता येईना. भावकीतला एकजण येऊन म्हणाला, "न्हाय जमलं तर कन्यादानाला चुलत्याला बसवू." मामंजींचं तोंड जमिनीकडंच होतं, पण फरशीवर टप्पकन एक थेंब पडलेला मी पाहिला. तेव्हाच सासूबाई माझ्याकडं वळल्या.

"सूनबाई, तू पायाळू ना गं?"

मी पटकन पाय लुगड्यात ओढून घेतले! आमचे हे कामावर निघाले होते, ते जाता जाता हळूच म्हणाले, "बेतानं मार. म्हातारं माणूस हाय." झालं! एवढीच नवऱ्याची मदत.

मामंजी दाराची चौकट धरून, पाठ माझ्याकडं करून उभे राहिले. मी आधी पदर घेऊन त्यांच्या पाया पडले. सासूबाईंनी आशीर्वाद दिला. मग मी लाथ मारली. (जगात आधी नमस्कार करून लाथ मारणारी सून मी एकटीच असेन!)

"मारली का?" मामंजींनी चौकटीला विचारलं.

"मारली की," सासूबाई म्हणाल्या.

"मला वाटलं मांजर घासून गेलं. जरा जीव लावून मारा म्हणावं!"

मी डोळे गच्च मिटले, खंडोबाचं नाव घेतलं, काष्टा आवळला आणि दिली ठेवून! आता मला काय माहीत, की त्याच वेळी मामंजींनी मिशी पुसायला चौकट सोडली होती? डोळे उघडते तर दारात कुणीच नाही! दाराच्या पलीकडं गंगूच्या लग्नाची चाळून ठेवलेली हळद परातीत होती. मामंजी तिच्यात तोंड खुपसून पडलेले.

नवरीच्या आधी बापालाच हळद लागली! आणि पाठ? ती आता कोयत्यासारखी राहिली नव्हती. पार घोड्याच्या नालासारखी झाली होती. गल्लीत बातमी आमच्याआधी पोचली. "जॉबरला सुनेनं लाथेनं मोडला!" गंगू एका कोपऱ्यात रडतेय, मी दुसऱ्या कोपऱ्यात. माझी खात्रीच झाली, की लग्नानंतर गंगू सासरी जाणार आणि मी माहेरी.

शेवटी हाडं बसवणाऱ्या वस्तादांकडं न्यायचं ठरलं. मामंजी त्यांच्याकडं कधी गेले नव्हते. पहिलवानाच्या हाती पाठ द्यायची त्यांना भीती वाटायची, पण तसं म्हणणार कोण? वस्तादांचा निरोप आला, "ज्यानं हात लावला असंल त्यालाबी संगं आणा." हात कुणी लावला होता? तरी मला टांग्यात बसवलं.

तालमीच्या पडवीत बरीच माणसं बसली होती. होटगीहून आलेला एक रेल्वेचा गडी खांदा धरून बसला होता. तो मामंजींना म्हणाला, "पहिल्यांदाच का? मग मी सांगतो. आधी वस्ताद चहा पाजत्यात. मग तेल लावत्यात. मग गप्पा मारत्यात, लई ग्वाड बोलत्यात. आन बोलता बोलता एक प्रश्न इचारत्यात. तुमी उत्तर द्यायला तोंड उघडलं, की..."

"की?"

"कट्ट! मागल्या खेपेला मी वरडलो ते ठेसनावर ऐकू गेलं!"

मामंजींनी ओठ घट्ट मिटून घेतले. म्हणजे तोंडच उघडायचं नाही!

वस्ताद बाहेर आले. मोठं धिप्पाड माणूस, दाढी पांढरी, आणि पंजे भाकरीच्या तव्याएवढे. मामंजींचं पिवळंधमक तोंड बघून म्हणाले, "जॉबरसाब, हम हड्डीवाले. काविळीचं औषध आमच्याकडं नै!"

मामंजी गप्प! चहासुद्धा त्यांनी दातांतूनच प्याला.

मग वस्तादांनी त्यांना सतरंजीवर पालथं घातलं, आणि काय सांगू, तो हात मी अजून विसरले नाही. एवढा मोठा पंजा, पण झोपलेल्या लेकराच्या अंगावरून फिरावा तसा फिरत होता. अंगठा एकेका मणक्यावर थांबायचा, दाबायचा, पुढं सरकायचा. मागावरचा तुटलेला धागा विणकर बोटानं शोधतो ना, अगदी तसं. एका जागी अंगठा थांबला. वस्तादांची मान हलली. सापडलं होतं.

"जॉबरसाब, लग्नात बुंदी करताय की जिलेबी?"

मामंजी गप्प.

"जावई काय करतो?"

गप्प.

"यंदा ज्वारी कशी हाय?"

मामंजींनी डोळेसुद्धा मिटून घेतले! पाठ लाकडासारखी ताठ. होटगीचा गडी भिंतीकडं तोंड करून बसला. त्याला कळलं होतं, कुणामुळं झालं ते.

वस्तादांनी दाढी खाजवली. इकडं तिकडं पाहिलं आणि माझ्यावर नजर रोखली.

"यही बहू है क्या? हिनंच लात मारली?"

"व्हय," सासूबाई पुटपुटल्या.

वस्तादांचा आवाज एकदम चढला. "ऐसी बहू घर में रखना नक्को! पायच खोटा हाय पोरीचा. आजच्या आज माहेरी धाडा!"

मी डोळ्यांना पदर लावला. आणि तेवढ्यात गिरणीचा भोंगा वाजावा तसा आवाज उठला,

"ओ वस्ताद! तोंड सांभाळून! माझ्या सुनेचा पाय..."

कट्ट!

"...लक्षुमीचा हाय!!"

हे शेवटचे शब्द मामंजी उभं राहून बोलले. सरळ! देवळाच्या दीपमाळेसारखे ताठ! आपण उभे आहोत हे त्यांना सगळ्यांच्या नंतर कळलं. पडवी हसतेय, सासूबाई डोळे पुसताहेत, आणि मी? माझे सासरे माझ्याविषयी खांबाला न सांगता पहिल्यांदा बोलले होते. तेही पाठ मोडायच्या वेळी, मिटलेलं तोंड माझ्यासाठी उघडून! बाप माणूस हो. त्या दिवसापासून मी त्यांच्या मोठ्या आवाजाला कधी भ्याले नाही.

वस्तादांनी माझ्यापुढं हात जोडले. "बेटी, माफ करना. कुलूप उघडत नव्हतं. किल्ली तुझ्याकडं होती."

गंगूचं लग्न थाटात झालं. मामंजी पाटावर असे बसले, कन्यादान असं केलं, की लोक खरोखर बघत राहिले. जेवणाला वस्ताद पहिल्या पंगतीला. सासूबाई ज्याला त्याला माझं कौतुक सांगत होत्या. "आमची सून पायाळू! निम्मी उसण तिनंच काढली हो, वस्तादांनी फक्त उरलेली काढली." मोडनिंबाहून माझी आई आली होती. ती वाढता वाढता थबकली.

"कोण पायाळू? ही?" आईचा आवाजही काही लहान नव्हता. "छे बाई! पायाळू हिची थोरली बहीण, सखू. ही तर सरळ डोक्यानं आली. सखू लग्न होऊन गेली, आमच्या सासूबाईंना, म्हंजी हिच्या आजीला, डोळ्यांनी दिसायचं कमी. हाक मारली की जी पोर येईल तिची लाथ! आन ही मेली हाकेला सगळ्यांत आधी धावायची."

मी बुंदीचं ताट हातात घेऊन जागच्या जागी. सगळे मामंजींकडं बघू लागले. मामंजींनी घास खाली ठेवला. आणि या खेपेला खांबाकडं नाही, सरळ माझ्याकडं बघून म्हणाले,

"म्हंजी सूनबाई, मला मारलीस ती नुसतीच लाथ व्हती व्हय गं?"

आणि असे हसले, असे हसले, की हसता हसता एकदम थांबले. हात कमरेवर गेला.

सवयीनं मी एक पाऊल पुढं टाकलं मात्र, अख्खी पंगत ओरडली, "सूनबाई, तू लांब उभी राहा!"