सांगलीच्या कोर्टावर कुंडलचे पंच

साताऱ्याहून निघालो तेव्हा माझ्या हातात दोन रॅकेटी होत्या आणि ज्ञानूच्या खांद्यावर माझी वळकटी. टेनिस खेळायला कोण निघालंय असं मोटारीतल्या कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं बोट माझ्याकडंच दाखवलं असतं. माझी त्याला काही हरकत नव्हती.

ज्ञानू आमच्या क्लबाचा मार्कर. कोर्ट सारवून घ्यायचं, जाळं बांधायचं आणि ज्या सभासदाला जोडीदार मिळत नाही त्याच्याशी खेळायचं, असं हे पगारी काम. मी वकील, आणि मला जोडीदार मिळत नसे. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावर मी कचेरीतल्यासारखा वाद घालतो, अशी क्लबात तक्रार होती. त्यामुळं माझा खेळ ज्ञानूबरोबर चाले आणि मी त्याला नेमानं हरवत असे. सांगलीला मार्करांची मोठी स्पर्धा भरते आहे, पुण्या-मुंबईपासून बेळगाव-हुबळीपर्यंतचे पगारी खेळाडू पुरुष एकेरीत उतरणार आहेत, असं कळलं तेव्हा ज्ञानूचं नाव मीच पाठवलं. ज्याला मी इतका हरवतो तो किती तयार झाला असेल, असा माझा सरळ हिशेब होता.

महायुद्ध संपलं होतं, पण पेट्रोल अजून मोकळं झालं नव्हतं. आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं एक भला मोठा बंब लावलेला, आणि चढ आला की क्लीनर उतरून त्यात कोळसा ढोसायचा. कऱ्हाडपर्यंत तिनं कशीबशी अब्रू राखली. मलकापुरात मात्र एकदा खोकली आणि उभी राहिली ती राहिलीच. आम्ही सगळ्यांनी ढकलून पाहिली. माझी पांढरी टेनिसची पाटलोण, जी मी उगीचच घालून निघालो होतो, ती तिथंच काळी झाली. शेवटी गूळ पोचवून परत निघालेली एक बैलगाडी ज्ञानूनं गाठली. ती नेमकी त्याच्या गावाकडं, कुंडलला जात होती. कृष्णा ओलांडून, दोन्ही बाजूंच्या उसातून धक्के खात आम्ही दिवेलागणीला कुंडलात पोचलो.

ज्ञानूचे वडील बापू अंगणात बसले होते. तरुणपणी नावाजलेले पैलवान, आता पंचक्रोशीतल्या कुस्त्यांचे पंच. कानांच्या पाळ्या मोडून गोळा झालेल्या आणि मान खांद्यांत बसलेली. त्यांनी मला बसायला घोंगडं दिलं आणि मुलाकडं पाहून नुसतं "आलास?" म्हणाले. जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं कोरड्यास (भाकरीबरोबर खायची पातळ भाजी) आणि डोळ्यांतून पाणी काढणारा खर्डा होता. वर वाटीभर काकवी. माझं पोट भरलं तरी ज्ञानूची आई वाढतच होती, आणि मीही फार नको म्हणत नव्हतो.

जेवण झाल्यावर बापूंनी मनातलं काढलं. थोरला मुलगा पलटणीत, अजून सुटून आला नव्हता. ऊस तोडायला आलेला, आणि घरात कर्ता हात एकच. पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं.

"कुस्तीत हरल्यालं पोर मी बघितलंय, वकीलसायेब," ते म्हणाले. "पर रोज सांजंला हरायची नोकरी कवा ऐकली न्हवती. गावात कुनी इचारलं तर काय सांगू?"

मी म्हणालो, तसं नाही, माझा खेळच जरा वरचढ आहे. यावर बापूंनी माझ्या पोटाकडं एकदा पाहिलं. मग ज्ञानूला म्हणाले की सांगलीला मीही येतो. जिंकलास तर तुझा धंदा तू कर, मी पुन्हा त्याबद्दल तोंड उघडणार नाही. हरलास तर तिथूनच गाडीत बसायचं आणि उसाला लागायचं. ज्ञानूनं मान हलवली. बापाला दिलेला शब्द तो मोडणार नाही, हे मला ठाऊक होतं. मग साताऱ्यात मी हरवायचं कुणाला, या काळजीनं मला लवकर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना दोन गाड्या निघाल्या. एकीत आम्ही, दुसरीत बापूंचे सोबती आणि एक हलगी (कुस्तीच्या फडात कडाडणारं चामड्याचं वाद्य). विजयी फेटाही बरोबर घेतला होता. सांगली जवळ आल्याची वर्दी आधी हळदीच्या वासानं दिली. पेठेत पोतीच्या पोती फोडलेली, हमालांची अंगं पिवळी, बैलांची शिंगंसुद्धा पिवळी. आम्ही कृष्णेच्या घाटाजवळच्या धर्मशाळेत उतरलो आणि संध्याकाळी वाळूत बसून भडंग खाल्लं. त्यातली लसूण दोन दिवस माझ्याबरोबर राहिली.

कोर्ट शेणानं सारवलेलं, वर चुन्याच्या रेघा. बापूंनी ते पाहिलं आणि पहिल्यांदा जरा खूश झाले. "खळं झ्याक केलंय," म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून ज्ञानूनं खाली वाकून जमिनीला हात लावला आणि कपाळाला लावला. पहिल्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्यानं ते पाहिलं आणि त्यानंही तसंच केलं.

आता या स्पर्धेची गंमत सांगायला हवी. सभासदाला चेंडू नीट मारता यावा म्हणून तो त्याच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, अलगद देणं हेच मार्कराचं रोजचं काम. वर्षानुवर्षं ती सवय अंगात मुरलेली. इथं दोन्ही बाजूंना मार्करच. हा त्याच्या उजव्या हाताला देतोय, तो याच्या उजव्या हाताला देतोय, आणि चेंडू काही मरत नाही. एखाद्यानं चुकून जोरात मारलाच तर तोच "सॉरी, सर" म्हणे आणि समोरचा "वेल प्लेड, सर" म्हणे. उंच खुर्चीवरचे अंपायर, गळ्याला बो लावलेले एक सडपातळ गृहस्थ, मधूनमधून डुलक्या घेत. पण ज्ञानूकडं दम होता. कुंडलच्या तालमीत घोटलेल्या मांड्या होत्या. समोरचे दमत गेले आणि तो एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत पोचला. बापू दर सामन्याला धोतर सावरून पुढं सरकून बसायचे.

अंतिम सामना बेळगावच्या इराप्पाशी. तोही तालमीतलाच, काळा कुळकुळीत आणि हसतमुख. पहिला सेट ज्ञानूचा, दुसरा त्याचा. तिसऱ्यात दोघं पाच-पाच, मग इराप्पा एका गेमनं पुढं. पुढचा गेम गेला की सामना गेला. त्या गेममध्ये दोघं असे अडकले की सुटेनात. अंपायर "ड्यूस" म्हणायचे, थोड्या वेळानं परत "ड्यूस".

बापूंनी मला विचारलं, हे काय ओरडतंय? मी सांगितलं, दोघं बरोबरीत आहेत.

"बरोबरी? मग सोडवत का न्हाईत?"

कुस्तीत दोघं तोडीस तोड झाले, बराच वेळ निकाल लागेना, की पंच आत जातात आणि बरोबरीत सोडवतात, हे मलाही माहीत होतं. मी समजावलं की इथं ओळीनं दोन गुण घ्यावे लागतात, तोवर सुटका नाही. ज्ञानूच्या पायात गोळा आला होता, तो लंगडत होता, तरी इराप्पाच्या उजव्या हाताला चेंडू नीट देत होता. अंपायर पुन्हा "ड्यूस" म्हणाले.

बापू उठले. वहाणा काढून ठेवल्या. कुस्तीच्या हौद्यात उतरावं तसे कोर्टात गेले, वाकून जाळ्याखालून पलीकडं गेले, इराप्पाचं मनगट धरलं, त्याला जाळ्याशी आणलं. दुसऱ्या हातानं ज्ञानूचं मनगट धरलं आणि दोन्ही हात वर केले.

"बरोबरीत सुटली," ते म्हणाले.

हलगी कडाडली. इराप्पानं मुकाट्यानं वाकून बापूंच्या पायांना हात लावला, कारण त्याच्याही गावात असंच सोडवतात. लोकांनी टाळ्या पिटल्या. अंपायर नियमांचं पुस्तक उलटसुलट चाळत होते, पण त्यात कुंडलच्या पंचांबद्दल काही नव्हतं. बापूंनी दोघांच्या पाठीवर थाप दिली, वहाणा घातल्या आणि बैल जुंपायला म्हणून फाटकाबाहेर गेले.

सगळं शांत व्हायला बराच वेळ लागला. मग अंपायरांच्या हुकमानं खेळ पुढं सुरू झाला. ज्ञानूनं सवयीप्रमाणं चेंडू उजव्या हाताला दिला आणि इराप्पानं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, तो कोपऱ्यात सणकून मारला. पुढचाही तसाच. सामना संपला. इराप्पा "सॉरी" म्हणाला. मी सहज फाटकाकडं पाहिलं. तारेच्या जाळीमागं बापू उभे होते. शेवटचा चेंडू पडेपर्यंत ते तिथंच होते, मग वळून गाड्यांकडं गेले.

आम्ही पोचलो तेव्हा बैल जुंपलेले होते. ज्ञानूनं रॅकेट गाडीत ठेवली आणि चढून बसला.

"हितं कशाला बसलास?" बापूंनी विचारलं.

"हरलो, बापू."

"मी सोडवली तवा बरोबरी हुती. त्या फुडं तुमी काय खेळला ते मला ठाव न्हाई."

"आवं, पर तुमीच म्हनला—"

"हरलास तर, म्हनलो हुतो. उतर खाली. सायेबांची मोटार जाईल."

ज्ञानू उतरला. बापूंनी गाडीतला विजयी फेटा काढला, त्याच्या हातात दिला आणि ऊस आपण गावकऱ्यांच्या मदतीनं सावडून घेऊ, थोरला येईलच, असं बैलांकडं पाहत म्हणाले. गाड्या दिसेनाशा होईपर्यंत ज्ञानू रस्त्यावर उभा होता. तो रडत होता. वकिलीत इतकी वर्षं काढली, पण पंच म्हणून दिलेला निकाल टिकवायला इतक्या साळसूद चेहऱ्यानं खोटं बोलणारा प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परतीची मोटार बंद न पडता साताऱ्याला आली. वाटेत मी ज्ञानूला विचारलं, इतकी वर्षं तू मलाही उजव्या हातालाच देत होतास ना? तो म्हणाला, "तुमी लय मनापासनं खेळता, सायेब."

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणं कोर्टावर उतरलो. चढाओढीत ड्यूस झाला. चेंडू आला तो माझ्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, अलगद. नुसती रॅकेट लावायची आणि जिंकायचं, एवढंच काम होतं. मी चेंडू हातात धरला. बूट काढले, जाळ्यापाशी गेलो, ज्ञानूचं मनगट धरून त्याचा हात वर केला आणि आपलाही केला. न जिंकता घरी गेलो, आणि जेवण फार चांगलं लागलं.