रिकाम्या जागेतले शुभेच्छुक

मी इंग्रजीत कविता लिहितो. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं घेणारा माणूस हे सांगतो, तेव्हा ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "यमक जुळतं का?" नाही जुळत, बाबा. माझ्या कवितेत शब्दच मोजके, तेही पानावर लांबलांब ठेवलेले. दाखवावी तर समोरचा फोन आडवाउभा करून बघतो आणि "भारी हाय" म्हणून परत देतो. डोकं फिरतं माझं. पण चिडून तरी कुणावर चिडायचं? पाटसपासून राहूपर्यंतच्या गावांत माझं वाचणारं कुणी नाही.

आई गेल्यावर एक कविता लिहिली. मराठीत लिहायला बसलो की रडू यायचं, इंग्रजीत निदान हात चालायचा. पानाच्या कडेकडेनं चूल, तवा, तिच्या चपला, दाराची कडी, एवढेच शब्द. मधलं सगळं पान कोरं. तिथं आई. परदेशातल्या एका मासिकानं ती इंटरनेटवर छापली. मला मात्र ती एकाच माणसाला दाखवायची होती, आबांना, माझ्या वडलांना. त्यांना इंग्रजी येत नाही, पण कोरी जागा बघायला इंग्रजी कशाला लागतं? फोनच्या एवढ्याशा काचेवर त्यांना काही दिसेना.

म्हणून चुलतभाऊ म्हणाला, "दादा, चौकात तुझ्या कवितेचा फ्लेक्स लावू," तेव्हा फ्लेक्सच्या नावानं बोटं मोडणारा मी चक्क हो म्हणालो. कविता जशीच्या तशी छाप, एवढंच बजावलं.

रविवारी आबांना गाडीवर मागं बसवून चौकात नेलं. त्यांनी धुवट टोपी घातली होती. कडेचे शब्द जागच्या जागी होते. मध्ये मात्र वरपासून खालपर्यंत फोटो. सरपंच, भावी सरपंच, सोसायटीचे संचालक, कुणी हात जोडलेले, कुणी गॉगल लावून फोनवर बोलणारे. खाली ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक'.

चुलतभाऊ तिथंच उभा होता. त्याला बाजूला घेऊन झापला. त्याला कळेचना मी का पेटलोय ते.

"एवढी जागा उघडी ठिवली आस्ती तर लोकं काय म्हनली आस्ती? ह्याला कुत्रंबी इचारत न्हाई. मी तुझी इज्जत राखली, दादा."

तोवर आबा फ्लेक्ससमोर जाऊन उभे राहिले होते. एकेक चेहरा ओळखत, ओठ हलवत बघत होते. मी जवळ गेलो. आबा, हे मधलं असं नव्हतं, असं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लई मान्सं हायती रं तुझ्यामागं," ते म्हणाले. "तुझी आई जाताना म्हनली हुती, पोरगं एकलं पडंल. मला त्योच घोर हुता. आज मिटला."

"व्हय, आबा," मी म्हणालो. मधल्या कोऱ्या जागेचं आता त्यांना कधीच सांगता येणार नाही.